निवासी शाळेत घालताय? आधी रेक्टरला भेटा

आखाजी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत दोन प्रकारची माणसं मोटारसायकलवर फिरायला लागतात. एक कपाशीच्या बियाण्याची, दुसरी निवासी शाळेची. दुसऱ्यांच्या हातात रंगीत पत्रक असतं. त्यावर तीन मजली इमारत, घोड्यावर बसलेला मुलगा, कॉम्प्युटर लॅब आणि खाली ठळक अक्षरात 'मर्यादित जागा'. कुणाच्या तरी ओट्यावर चहा होतो. 'नाना, पोरगं इथं राहिलं तर मोबाईलच पाहत बसेल, तिथं माणूस होईल,' असं सांगितलं जातं. नानांना ते पटतं, कारण पोरगं त्याच वेळी आत मोबाईल पाहत बसलेलं असतं.

पत्रक वाटणारा माणूस बहुतेक वेळा त्याच शाळेतला शिक्षक असतो. इतके प्रवेश आणा, असं त्यालाही सांगितलेलं असतं. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण तो जे दाखवतो ते सगळं दिवसाचं असतं: वर्ग, मैदान, स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल. निवासी शाळेत पोरगं राहतं ते मुख्यतः उरलेल्या वेळात, म्हणजे शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत. पत्रकात त्या वेळेचा फोटो नसतो. निवासी शाळा आपल्या मुलाला मानवेल का, याचं उत्तर मात्र तिथंच आहे.

लोक उगाच पाठवतात असंही नाही. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही. चाळीसगाव, पारोळा भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर सहा महिने घराला कुलूपच असतं. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर अंतराचा प्रश्न वेगळाच. अशा घराला 'पोराला जवळ ठेवा' असा उपदेश करणं सोपं आहे, पण त्या घरी त्याचा उपयोग नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू. 'सैनिकी शाळा' आणि 'सैनिक स्कूल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ साली सुरू झालेलं साताऱ्याचं सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीकडे आहे, आणि तिथं सहावी-नववीला प्रवेश परीक्षेतून मिळतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सैनिकी शाळा खासगी संस्थांच्या आहेत. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ तांडे इथली तशीच. त्या वाईट असतात असं नाही, पण 'सैनिकी' शब्द वाचून पोरगं एनडीएत जाणार असं कुणी धरून चालू नये. तीच गत 'सीबीएसई पॅटर्न'ची. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता असेल तर शाळेला क्रमांक असतो आणि तो सीबीएसईच्या संकेतस्थळावर तपासता येतो. प्रत्येक मान्य शाळेला ११ आकडी यू-डायस क्रमांकही असतो. धुळ्याचा क्रमांक २७०२ ने आणि जळगावचा २७०३ ने सुरू होतो. तो विचारल्यावर शाळेनं टाळाटाळ केली, तर चहा पिऊन उठावं.

इमारतीवरून काही कळत नाही. जळगावजवळच्या अनुभूतीसारखी उद्योगसमूहानं उभी केलेली शाळा वेगळी आणि हायवेलगत मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पलंग टाकून चालणारी 'इंटरनॅशनल' वेगळी, हे कुणालाही दिसतं. अडचण मधल्या शाळांची आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक पालक जातात ते तिथंच. फी परवडेल अशी, इमारत बरी, निकाल बरा. या शाळांमध्ये फरक पडतो तो एका माणसामुळे: रेक्टर.

हे खान्देशाला कुणी नव्यानं सांगायला नको. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिक्षक होते, आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. आजारी मुलाजवळ बसणं, पोरांनी टाकलेले कपडे धुणं ही कामं ते स्वतः करत. मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. आज कुणी साने गुरुजी शोधायला निघालं तर सापडणार नाहीत, हे कबूल. पण त्यांच्यामुळे छात्रालय चालवणं हे शिकवण्याइतकंच, किंबहुना जास्त मोठं काम आहे, हे याच जिल्ह्यात एकदा सिद्ध झालंय. आता अनेक ठिकाणी हे काम बी.एड. करणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराकडे असतं. जेवण-खाण, झोपायची खोली आणि थोडा पगार, एवढ्यावर तो साठ-सत्तर मुलं सांभाळतो, आणि नोकरी लागली की मार्चमध्ये निघून जातो. त्याची चूक नाही. पण तुमच्या पोराला रात्री दोनला ताप आला तर ते ज्याला उठवणार, तो हाच.

म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये अर्धा तास आणि रेक्टरजवळ दोन तास बसा. किती वर्षांपासून आहात, रात्री किती मोठी माणसं असतात, मुलींच्या वसतिगृहात बाई मुक्कामी राहतात की सहाला घरी जातात, आजारी पडलं तर गाडी कोणती आणि दवाखाना किती लांब, हे विचारा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळं झाडलेलं असतं. मधल्या वारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला जा. ताटात काय पडतं ते दिसेल, आणि वाढणारा पोरांशी कसा बोलतो तेही ऐकू येईल. मे महिन्यात पाणी कुठून येतं, हा प्रश्न आपल्याकडे विसरून चालत नाही. शंभर पोरांना आंघोळीला टँकर लागत असेल, तर जूनमधली खरूज तिथूनच येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोराचं बोलणं घरापर्यंत पोचतं का?

नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात पाळा इथल्या आश्रमशाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. शाळा खासगी संस्थेची, अनुदान सरकारचं. तिथं शिकणाऱ्या मुली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या. प्रकरण उघडकीला आलं ते तपासणीतून नव्हे, तर दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलींनी पोट दुखतंय असं सांगितलं म्हणून. म्हणजे सुट्टी लागेपर्यंत सांगायला कुणी नव्हतं. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी, सखी सावित्री समिती या गोष्टी पुन्हा बजावून सांगितल्या. कागदावर हे सगळं आहे. पालकानं विचारायचं ते इतकंच की पेटी कोण उघडतं, आणि वॉर्डनपासून स्वयंपाक्यापर्यंत पडताळणीचे कागद दाखवता का.

त्याहून साधा प्रश्न फोनचा. पोरगं आठवड्यातून किती वेळा बोलणार आणि बोलताना शेजारी कोण असणार? पुष्कळ ठिकाणी रविवारी ऑफिसात रांग लागते, फोन स्पीकरवर असतो आणि टेबलापलीकडे सर बसलेले असतात. त्या फोनवर सगळी पोरं 'बरं आहे' म्हणतात. 'पहिले दोन महिने भेटू नका, पोरगं रमत नाही' असंही सांगतात. आठ दिवस समजू शकतो. दोन महिने हा पोराचा नव्हे, शाळेच्या सोयीचा नियम आहे. आईबापाला दारात उभं करायला ज्या शाळेला जड जातं, ती निकालात पहिली असली तरी मी तिच्या बाजूनं बोलणार नाही. आणि एसटीनं एका दिवसात जाऊन परत येता येईल, त्यापेक्षा लांबची शाळा लहान वर्गासाठी नकोच.

पोराचा स्वभाव पाहायचा तोही याच नजरेनं. 'आमचं पोरगं शांत आहे, कुठंही राहील,' असं म्हणतात. खरं तर शांत पोराचीच काळजी जास्त. भांडखोर पोरगं अन्याय झाला की ओरडतं, शाळेलाही कळतं आणि घरालाही. जे दुखलं तरी सांगत नाही, मामाच्या गावी आठ दिवस राहताना तिसऱ्या दिवशी मुकं होतं, त्याला आणखी दोन वर्षं घरी राहू द्यावं. पाचवीच्या आत पाठवूच नये असं माझं मत आहे. घराला कुलूप लावावं लागणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना ते लागू नाही, आणि त्यांनीही आधी गावातल्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. 'हट्टी आहे, सुधरेल' म्हणून पाठवलेलं पोरगं तर शिक्षा म्हणूनच तिथं जातं, आणि ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

एक गोष्ट पत्रकात येत नाही ती भाषेची. घरी अहिराणी, पावरी किंवा तावडी बोलणारं पोरगं तिथं बोललं तर हसतात, काही ठिकाणी दंडही करतात. दिवाळीला घरी आल्यावर ते आजीशी बोलायला लाजतं. इंग्रजी आली, हे चांगलंच. पण त्या शाळेत अहिराणी बोलणाऱ्या पोराला काय म्हणतात, हे तिथल्या मुलांनाच विचारून बघा. मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, खासगी शाळेतसुद्धा.

पैशाचं गणित थोडक्यात. समजा, राहणं-खाणं धरून वर्षाला एक लाख. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे सव्वाबारा क्विंटल कापूस, तोही पूर्ण हमीभाव मिळाला तर आणि वेचणी-फवारणीचा खर्च न धरता. कोरडवाहूत हे तीन एकरांचं सगळं पीक झालं. त्यात पहिला हप्ता जूनमध्ये, नेमका बियाणं-खताच्या वेळेला, आणि दुसरा दिवाळीच्या आसपास, कापूस घरात येऊन विकायच्या आधी. पहिलं वर्ष निभतं. खरं संकट असतं ते तिसऱ्या वर्षी, जेव्हा पाऊस हुकतो आणि आठवीतलं पोरगं अर्ध्यावर काढावं लागतं. म्हणून हिशेब एका वर्षाचा नव्हे, दहावीपर्यंतचा करा. डोनेशन घेण्यास कायद्यानं मनाई आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर जावी लागते. निवासी शाळेचे पालक लांबचे, बैठकीला कुणी जात नाही, आणि संस्थेचं फावतं.

आदिवासी विकास विभागाच्या नामांकित निवासी शाळा योजनेत फी विभागच शाळेला देतो. यावल आणि धुळ्याच्या प्रकल्प कार्यालयांतून अशी लहान लहान मुलं जातात. 'फुकट शिकतंय, आपण काय विचारणार' असं तिथले आईबाप म्हणतात. वर विचारायला सांगितलेला प्रत्येक प्रश्न विचारायचा हक्क त्यांनाही आहे. पैसे सरकारचे असले तरी पोरगं त्यांचं आहे.

प्रवेशाच्या दिवशीच परत येण्याची अट समजून घ्या. पोरगं ऑगस्टमध्ये राहायला तयार नसेल तर किती पैसे परत, हे लेखी मागा. फी बाकी असल्याचं सांगून दाखला अडवून धरणं ही नेहमीची तऱ्हा. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ चा आधार आहे: दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश थांबवता येत नाही. गावातल्या मुख्याध्यापकांनाही हे कधी कधी आठवण करून द्यावं लागतं.

आणि दुसरे रस्ते आधी पाहून घ्या. भुसावळ तालुक्यातल्या साकेगावचं नवोदय विद्यालय सहावीपासून मोफत निवासी आहे. ८० पैकी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. फॉर्म पाचवीत असतानाच भरायचा असतो, म्हणून चौथीची सुट्टी लागली की गुरुजींना विचारा. मुलींसाठी एसटीचा अहिल्यादेवी होळकर मोफत पास बारावीपर्यंत आहे, काही तालुक्यांत मानव विकास मिशनच्या बसही फिरतात. ज्या गावात बस वेळेवर येते, तिथली निम्मी पोरं निवासी शाळेत जायचीच थांबतील, असं मला वाटतं. तो अर्ज मात्र शाळेत नव्हे, आगारप्रमुखाकडे द्यावा लागतो, ग्रामसभेच्या ठरावासह.

ज्यांचं ठरलंच आहे त्यांनी जूनमध्ये पोचवून आल्यावर पहिल्या महिन्यात न सांगता एकदा जाऊन यावं. पोराला गेटबाहेर, झाडाखाली नेऊन जेवू घालावं. 'अभ्यास कसा चाललाय' हे नंतर. आधी विचारावं, रात्री तुझ्या शेजारी कोण झोपतं, आणि तुला बरं नसलं तर तू कुणाला उठवतोस.