‘हे तर पुस्तकात आधीच लिहिलं होतं!’ जैविक हल्ल्याच्या कादंबऱ्या वाचून लोक नेमके कशाला घाबरतात?

फेब्रुवारी २०२०. लॉकडाऊन हा शब्द अजून आपल्या तोंडी बसला नव्हता, पण एका इंग्रजी कादंबरीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरायला लागला होता. काही ओळींवर खूण केलेली आणि त्यात एक नाव: ‘वुहान-४००’. चीनच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं जैविक अस्त्र. पुस्तक डीन कुंट्झ यांचं ‘द आइज ऑफ डार्कनेस’, साल १९८१. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनीही हा मजकूर ट्विट करून कोरोना म्हणजेच हे अस्त्र आहे का, असा प्रश्न विचारला होता. बाकी जगभर प्रतिक्रिया साधारण एकच होती. बघा, चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं!

आता या पानाचा हिशोब बघू. १९८१ साली ही कादंबरी ‘ली निकल्स’ या टोपणनावाने आली, तेव्हा तिच्यात वुहान नव्हतंच. विषाणूचं नाव होतं ‘गोर्की-४००’ आणि ते होतं सोव्हिएत रशियातल्या गोर्की शहरावरून. पुढे शीतयुद्ध ओसरायला लागलं. १९८९ मध्ये कुंट्झ यांच्या स्वतःच्या नावाने नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात विषाणूचं गाव बदललं. भाकीत वगैरे काही नाही, अमेरिकन वाचकाला पटेल असा नवा शत्रू हवा होता, एवढंच. शिवाय कादंबरीतला विषाणू चार तासांत माणसाला आजारी पाडतो आणि झालेल्या प्रत्येकाला मारतो. कोविडची लक्षणं दिसायला काही दिवस जातात आणि बहुसंख्य रुग्ण बरे झाले.

त्याच पोस्टला अनेकदा दुसरं एक पान जोडलेलं असायचं. २०२० च्या सुमारास न्यूमोनियासारखा आजार जगभर पसरेल, असं सांगणारं. ते पान या कादंबरीतलं नाहीच. ते सिल्व्हिया ब्राऊन या भविष्यवेत्त्या म्हणवणाऱ्या बाईंच्या २००८ च्या पुस्तकातलं. मूळ कादंबरी आहे लास वेगासमधल्या एका आईची, मेला असं सांगण्यात आलेल्या मुलाच्या शोधाची. शेअर करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती वाचली असावी.

वाचक साधासुधा नव्हता

पण फॉरवर्ड करणाऱ्या काका-मामांना हसण्यात अर्थ नाही. जैविक दहशतवादाची कादंबरी वाचून ज्याने सगळ्यात मोठी प्रतिक्रिया दिली, तो वाचक व्हाइट हाऊसमध्ये राहत होता.

रिचर्ड प्रेस्टन हे नाव अमेरिकेत १९९४ च्या ‘द हॉट झोन’मुळे घराघरात पोचलं. इबोलावरचं ते पुस्तक कादंबरी नव्हतं, पण वाचताना घाम फुटायचा. त्यानंतर त्यांनी ‘द कोब्रा इव्हेंट’ ही कादंबरी लिहिली. न्यूयॉर्कमध्ये एक शाळकरी मुलगी वर्गातच तडफडून मरते. शवविच्छेदनातून कळतं की हा कुणीतरी मुद्दाम जुळवलेला विषाणू आहे. मागे एकच माणूस, तोही एका फ्लॅटमध्ये बसून हे सगळं करणारा. गोष्टीच्या मध्येच प्रेस्टन जैविक अस्त्रांचा खरा इतिहासही सांगत जातात, त्यामुळे खरं कुठे संपलं आणि रचलेलं कुठे सुरू झालं, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. हीच या पुस्तकाची ताकद आणि हाच त्याचा धोका.

१९९८ च्या सुरुवातीला जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांनी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना हे पुस्तक वाचायला सुचवलं. क्लिंटन यांनी ते वाचलं आणि हे खरंच घडू शकतं का, ते तपासा, असं गुप्तचर तज्ज्ञांना सांगितलं. एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून बैठक झाली. मे महिन्यात अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतल्या भाषणात त्यांनी औषधं आणि लशींचा राष्ट्रीय साठा करण्याची घोषणा केली. जूनमध्ये काँग्रेसकडे २९ कोटी ४० लाख डॉलरची जादा मागणी गेली. जैविक हल्ल्याच्या विचाराने रात्री जाग येते, असंही त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

एका पुस्तकामुळेच हे घडलं असं म्हणणं जास्तीचं होईल. टोकियोच्या मेट्रोत १९९५ मध्ये सारिन वायूचा हल्ला झाला होता, इराकच्या अस्त्रांची तपासणी चालू होती. पण अहवाल आधीही टेबलावर येतच होते. ढकलण्याचं काम गोष्टीने केलं.

खरी प्रकरणं अशी होती

यातली गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरा नाही, पण असो) क्लिंटन यांच्या हाती कादंबरी पडायच्या काही महिने आधी, १९९७ मध्येच, अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एका खऱ्या जैविक हल्ल्याचा सविस्तर शोधनिबंध छापून आला होता. हल्ला १९८४ चा. कुणी नक्कल करू नये म्हणून तो बरीच वर्षं छापला नव्हता. आणि या प्रकरणाचा धागा थेट पुण्याशी जुळतो.

कोरेगाव पार्कातला आपला आश्रम मागे ठेवून आचार्य रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यात त्यांच्या अनुयायांनी वसाहत उभी केली आणि तिथल्या काउंटीशी त्यांचे खटके उडायला लागले. नोव्हेंबर १९८४ च्या स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच पडून राहावेत, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डॅलस या गावातल्या दहा हॉटेलांमध्ये सॅलडसारख्या उघड्यावर मांडलेल्या पदार्थांत साल्मोनेला हे जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ लोक आजारी पडले. मेलं कुणी नाही. आरोग्य खात्याने सुरुवातीला हॉटेलांतल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर ठपका ठेवला. वर्षभराने खुद्द रजनीश यांनीच पत्रकारांसमोर आपल्या माजी सचिव मा आनंद शीला यांच्यावर आरोप केले, तेव्हा कुठे तपासाची दिशा बदलली.

या गोष्टीची कादंबरी कोण घेणार? जुलाब, उलट्या, नगरपालिकेच्या पातळीचं राजकारण आणि पुरावा हाती असूनही वर्षभर न सुटलेला गुंता. पण हल्ला ओळखायलाच वेळ लागणं ही यातली खरी भीती आहे. थरारकथेत डॉक्टरांना दुसऱ्याच मृत्यूला संशय येतो.

दुसरं प्रकरण जपानमधल्या ओम शिनरिक्यो पंथाचं. त्यांच्याकडे पैसा होता आणि शिकलेले शास्त्रज्ञही होते. १९९३ मध्ये टोकियोच्या कामेइदो भागात त्यांनी आपल्या इमारतीच्या छतावरून अँथ्रॅक्सचे जिवाणू फवारले. शेजाऱ्यांनी घाण वासाची तक्रार केली. आजारी कुणीच पडलं नाही, कारण वापरलेला वाण जनावरांच्या लशीत वापरतात तो निरुपद्रवी प्रकार होता. फ्लॅटमध्ये बसून एकटा माणूस शहर संपवतो, हे कागदावर फार सोपं असतं.

आपल्याकडे हे साहित्य पोचलं ते मुख्यतः रॉबिन कुक यांच्या अनुवादांतून. वाचनालयात त्यांची पुस्तकं झिजलेली दिसतात, आणि ‘एका बैठकीत संपवलं’ ही त्यांच्यावरची नेहमीची दाद. त्यांच्या १९९९ च्या ‘व्हेक्टर’मध्ये न्यूयॉर्कवर अँथ्रॅक्सचा हल्ला घडवायला निघालेला माणूस असतो सोव्हिएत अस्त्र प्रकल्पात काम केलेला एक रशियन टॅक्सीवाला. दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्स खरोखर आला. २२ जणांना लागण झाली, पाच जण दगावले. कुक यांनी आधीच सांगितलं होतं, असं वाचक म्हणू लागले. आजार बरोबर होता, शहरही बऱ्याच अंशी. पण एफबीआयच्या निष्कर्षानुसार ती पाकिटं बाहेरच्या कुणी नाही, तर अमेरिकी लष्कराच्याच प्रयोगशाळेत अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणाऱ्या ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञाने पाठवली होती. २००८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही.

साठ्यात काय भरलं?

क्लिंटन यांच्या काळात सुरू झालेला साठा वाया गेला असं मुळीच नाही. २००१ च्या त्या पाकिटांनंतर दहा हजारांहून जास्त लोकांना अँटिबायोटिक घ्यायला सांगावं लागलं, तेव्हा तयारी कामाला आली. अडचण वेगळीच झाली. थरारकथेला खलनायक लागतो, आणि साठाही खलनायकाला समोर ठेवून भरत गेला. देवीची लस प्रत्येक अमेरिकन नागरिकाला पुरेल एवढी घेतली गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ मध्ये दाखवून दिलं की आधीच्या दशकात बहुतेक वर्षं साठ्याच्या सुमारे ५० कोटी डॉलरच्या वार्षिक खर्चातला जवळपास निम्मा पैसा एकट्या अँथ्रॅक्स लशीवर जात होता. यात लस विकणाऱ्या कंपनीच्या लॉबिंगचाही हात होता, सगळा दोष वाचकांवर ढकलता येणार नाही. पण लॉबिंग चालतं ते भीती आधीच तयार असते म्हणून.

मास्कचं काय? २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. पुणेकरांना तो ऑगस्ट आठवत असेल, देशातला पहिला मृत्यू पुण्यातल्या शाळकरी मुलीचा होता. त्या साथीत अमेरिकेच्या साठ्यातून सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क वाटले गेले. ते पुन्हा भरलेच गेले नाहीत. मास्कमध्ये थरार कसला?

मग कोविड आला. तो कुठून आला, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र हा विषाणू जैविक अस्त्र म्हणून तयार केलेला नव्हता, यावर ऑगस्ट २०२१ च्या अहवालात अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचं एकमत होतं. म्हणजे ‘वुहान-४००’चं पान फॉरवर्ड करणारे ज्या खलनायकाला शोधत होते, तो चीनच्या विरोधकांनाही सापडला नाही.

‘द कोब्रा इव्हेंट’ घडते ते न्यूयॉर्कमध्ये. मार्च २०२० मध्ये त्याच शहरातल्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा फोटो जगभर फिरला. संरक्षक गाऊन मिळत नव्हते, म्हणून त्यांनी कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या अंगावर चढवल्या होत्या.