पाहुणे येतात तेव्हा

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पाहुण्यांच्या गाड्या येतात. देणगी देऊन एखाद्या मुलीचं शैक्षणिक पालकत्व घेतलेली ही माणसं. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या दिवशी मुलीने स्वागतगीत म्हणायचं, फोटोसाठी हसायचं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या तिच्या आईने खाडा करून हात जोडून उभं राहायचं. मुलीला विचारतात, "मोठेपणी कोण होणार?" आईला कुणी काही विचारत नाही. ज्या मुलीला पालक 'मिळाला' नाही, ती कुडाआडून बघत राहते.

अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाईंच्या नावाच्या या योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये झाली. त्यासाठी कुणापुढे नाचावं लागत नाही. मात्र नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकखातं यांसाठी खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी.

पाहुण्यांनी जरूर यावं. पण आधी आईशी बोलावं, मुलीला नाचवू नये. आणि आपण? दया एका मुलीला निवडते, हक्क सगळ्यांना मिळवायचा असतो. तहसील कचेरीच्या रांगेत त्या आईसोबत आपल्यापैकी किती जणी उभ्या राहतो?