मुक्काम आखातात, घर मंडणगडात

मंडणगड : सावित्रीच्या मुखाशी वसलेल्या बाणकोट परिसरातून आणि एकूणच रत्नागिरीच्या किनारपट्टीतून परदेशी जाणे ही नवलाई राहिलेली नाही. आधीच्या पिढ्या मुंबई बंदरातून जहाजांवर खलाशी म्हणून गेल्या. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले, तशी पुढची पिढी आखातात उतरली. जाणारे गेले, राहिलेही. परंतु स्थायिक मात्र झाले नाहीत. याचे कारण गावाच्या ओढीइतकेच तेथील कायद्यातही आहे.

स्पेनच्या मायोर्का किंवा तेनेरिफे बेटांवर जर्मन वा इंग्रज निवृत्त माणूस घर घेतो ते उरलेले आयुष्य उन्हात घालविण्यासाठी. युरोपीय संघाच्या नागरिकाला तो हक्कच आहे. इंग्रजांचा तो हक्क ब्रेक्झिटमुळे 2021 च्या आरंभी गेला. आता नव्याने जाणाऱ्यास व्हिसाविना 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. बेटावरचा बंगला आहे, राहण्याचा परवाना नाही, अशी अवस्था साहेबाच्या वाट्याला प्रथमच आली. कोकणी माणसाला ती जन्माची ओळखीची!

आखातात सर्वसाधारणपणे निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की मुक्काम हलला. कुटुंब सोबत ठेवणेही महाग. सौदी अरेबियाने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा 100 रियाल कर बसविला आणि 2020 पर्यंत तो 400 वर नेला. बायको व दोन मुले म्हणजे महिन्याला 1,200 रियाल. मग बायकामुले गावी आणि कमावता तिकडे, हीच सोय उरते. सौदीने 2019 मध्ये कायम निवासाची योजना आणली खरी. तिचे शुल्क आठ लाख रियाल. ते गवंड्याच्या किंवा चालकाच्या आवाक्यातले नव्हे.

त्यामुळे बेटावर जाणारा युरोपीय जेथे जातो तेथे घर घेतो, तर आखातात जाणारा जेथून निघाला तेथे बांधतो. चिऱ्याच्या भिंती, वर गच्ची, आणि वर्षातून महिनाभर उघडणारे दार. याची एक किंमत 3 जून 2020 रोजी दिसली. निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात छपरे उडविली, बागा आडव्या केल्या. त्या वेळी करोनामुळे नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती. मालक हजारो मैलांवर अडकलेले. कौले शाकारावयास माणूस नाही आणि पावसाळा दाराशी.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. या घटीत मुंबईचा वाटा आखाताहून मोठा, हे मान्य करावेच लागेल. पण मुंबईकर गणपतीला, शिमग्याला एस.टी. धरून येतो. आखातातल्याला आधी रजा मंजूर व्हावी लागते.