गुंतवणूक हंगामाने मोजावी

आंब्याच्या कलमाला दुसऱ्या वर्षी फळ आले नाही म्हणून कोणी ते उपटून टाकत नाही. कृषी स्टार्टअपच्या बाबतीत मात्र पुष्कळदा हेच घडते. अनुदानाच्या खर्चाचा हिशेब ३१ मार्चला मागितला जातो, खासगी गुंतवणूकदाराला दोन-तीन वर्षांतच वेगवान वाढ हवी असते आणि ज्या यंत्राची खरी परीक्षा वर्षातून एकदाच, पेरणीच्या तीन-चार आठवड्यांत होऊ शकते, त्याचा निर्माता त्यापूर्वीच हात टेकतो. या संदर्भात जॅकलिन नोव्होग्राट्झ या अमेरिकी गुंतवणूकदार महिलेची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

नोव्होग्राट्झ यांनी सुरुवात केली ती न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेतून. कामानिमित्त अनेक देश पाहताना, कष्टाळू आणि हिशेबी असलेली गरीब माणसे बँकेच्या दाराबाहेरच राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९८६ साली ती नोकरी सोडून त्या आफ्रिकेत गेल्या. रवांडाच्या राजधानीत, किगालीत, त्यांनी स्थानिक महिलांसमवेत ‘दुतेरिंबेरे’ ही महिलांना लघुकर्ज देणारी संस्था उभारली.

त्याच शहरातील एका बेकरीचा प्रसंग त्यांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितला आहे. वीस महिलांची ती बेकरी धर्मादाय मदतीवर तोट्यात चालत होती. प्रत्येकीच्या हाती दिवसाला सुमारे अर्धा डॉलर पडत असे. नोव्होग्राट्झ यांनी मदत बंद करून तिला व्यवसायाचे रूप दिले. महिला विक्रीसाठी बाहेर पडल्या, तोटा थांबला, कमाई कित्येक पटींनी वाढली. पुढे दुकान रंगवायचे ठरले. कोणता रंग हवा, असे त्यांनी वारंवार विचारले, उत्तर मिळेना. अखेर त्यांनी स्वतःच निळा सुचवला आणि दुकान निळे झाले. त्यानंतर एक महिला शांतपणे म्हणाली की, आमचा रंग तर हिरवा आहे. ऐकणे म्हणजे केवळ थांबणे नव्हे. प्रश्न कसा विचारावा, हेही शिकावे लागते, असा धडा त्यांनी यातून घेतला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी शेतकऱ्यांच्या मौनाला संमती समजणाऱ्या प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने हा धडा लक्षात ठेवावा.

२००१ साली त्यांनी ‘अक्युमेन’ ही संस्था स्थापन केली. देणगीतून आलेला पैसा वाटून न टाकता तो गरिबांना सेवा देणाऱ्या उद्योगांत भांडवल किंवा कर्ज म्हणून गुंतवायचा आणि परत आला की पुन्हा अशाच उद्योगांत घालायचा, ही तिची रीत. या पैशाला त्या ‘धीराचे भांडवल’ म्हणतात. त्याची मुदत सात-दहा वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक असते. भारतात अल्पभूधारकांसाठी कमी दाबावर चालणारे स्वस्त ठिबक संच बनवणाऱ्या उद्योगाला या संस्थेचे पाठबळ मिळाले. थोड्या क्षेत्रावर संच बसवावा, पिकाचे पैसे आले की तो वाढवावा, अशी त्यामागची कल्पना होती. रॉकेलच्या दिव्याला पर्याय म्हणून सौरदिवे बनवणाऱ्या ‘डी.लाइट’ कंपनीच्या सुरुवातीच्या काळातही अक्युमेनने गुंतवणूक केली. पैशाइतकेच महत्त्व नोव्होग्राट्झ उद्योजकाला अडचणीच्या काळात ‘सोबत’ करण्याला देतात. २००६ पासून संस्था तरुण प्रवर्तकांसाठी स्वतंत्र नेतृत्व-प्रशिक्षणही चालवते.

गरिबाला ग्राहक मानणाऱ्या या विचारावर आक्षेप घेतले जातात आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. प्रत्येक गरज बाजार भागवू शकत नाही. संशोधन आणि विस्तार ही शासनाचीच जबाबदारी राहील. मात्र धीर म्हणजे ढिलाई, हा समज चुकीचा आहे. धीराच्या भांडवलालाही काटेकोर हिशेब लागतो. फरक आहे तो हिशेब केव्हा आणि कशाचा मागायचा, यात.

भारतात २०१८-१९ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ रूपांतर्गत कृषी उद्योजकता कार्यक्रम सुरू झाला. कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीज भांडवलाच्या टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची त्यात तरतूद करण्यात आली. हैदराबाद, जयपूर, नवी दिल्ली, धारवाड आणि जोरहाट येथील संस्थांना ज्ञान-भागीदार नेमण्यात आले. ही रचना स्वागतार्ह आहे. पण पैसा जानेवारीत हाती आला आणि उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेर द्यायचे असले, तर खरिपाच्या पेरणी यंत्राची चाचणी शेतात होणार नाही, कागदावरच होईल. त्यात पावसाने ओढ दिली तर आणखी एक वर्ष जाते. तीन वर्षांची मुदत ऐकायला मोठी वाटते. एका खरीप पिकाच्या दृष्टीने ती केवळ तीन संधींची असते.

म्हणून कृषी स्टार्टअपच्या अनुदानाचे टप्पे आर्थिक वर्षाला न बांधता हंगामाला बांधले जावेत. पहिल्या हंगामात चाचणी, दुसऱ्यात सुधारणा, तिसऱ्यात विक्री असा क्रम मान्य व्हावा आणि पहिल्या हंगामातील अपयशाची प्रामाणिक नोंद ही अपात्रता न ठरता प्रगती मानली जावी. सोबतीची जबाबदारी देशातील ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे उचलू शकतात. प्रत्येक प्रवर्तकामागे एक विषय विशेषज्ञ आणि चाचणीसाठी आपले शेत देणारे दोन-तीन प्रगतिशील शेतकरी, एवढी व्यवस्था नव्या खर्चाविनाही पुष्कळ अंशी शक्य आहे. अशा शेतकऱ्यांना केवळ लाभार्थी न समजता परीक्षक समजावे. यंत्र कोठे अडते, दात्याची खोली किती हवी, भाड्याने घेणे परवडेल की विकत, हे तेच सांगू शकतात. मात्र दुकानाला रंग देण्यापूर्वी त्यांना विचारले गेले पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत थांबलेही पाहिजे.