तारांकित शब्दांची टिंगल

मूळ अल्गोंक्वियन भाषेच्या शब्दांना तारांकन लावतात. अर्थ एवढाच, की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, लेकभाषांवरून काढला आहे. "म्हणजे मनचाच की!" असं म्हणून हात झटकणारे मला नेहमी भेटतात. पोथी नाही, शिलालेख नाही, तर पूर्वज कसला?

त्यांनी 'लाल'चा धातू पाहावा. फॉक्समध्ये 'मेश्क्-', ओजिब्वेत 'मिस्क्-', मैदानी क्रीत 'मिह्क्-', मेनॉमिनीत 'मॅह्क्-'. ही जोडणी दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या जोडणीशी जुळत नव्हती. अपवाद म्हणून सोडून देणं सोपं होतं. लिओनार्ड ब्लूमफील्डनं 1925 साली तसं न करता मूळ भाषेत एक वेगळंच जोडाक्षर मानलं, जवळपास या एका धातूसाठी. पुढे मॅनिटोबातल्या दलदली क्रीत याच धातूत 'ह्त्क्' असा निराळा उच्चार सापडला. 1928 साली त्यानं तो प्रसिद्ध केला. मनचा शब्द असा खरा ठरत नाही.

पण तारांकनाचे भक्तही काही कमी नाहीत. शब्द मिळाला की वस्तू मिळाली, असं त्यांना वाटतं. याच नियमांनी 'बंदूक' आणि 'दारू' हे शब्दही मूळ भाषेत नेऊन बसवता येतात! बंदूक म्हणजे 'उष्णतेनं फोडण्याचं साधन', दारू म्हणजे 'अग्निजल'. वस्तू युरोपीयांबरोबर आल्या. जुने होते ते शब्दांचे तुकडे, आणि ते भाषाभाषांत सारखेच जोडले गेले. (आपल्याकडे 'विमान' शब्द दाखवून उड्डाण सिद्ध करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.) म्हणूनच 1967 साली फ्रँक सीबर्टनं प्राणी-वनस्पतींच्या नावांवरून मूळ वसतिस्थान जॉर्जियन उपसागर आणि ऑन्टॅरिओ सरोवर यांच्या दरम्यान नेमलं, ते मला जपूनच घ्यावंसं वाटतं. माणसं स्थलांतर करतात, तेव्हा जुनी नावं नव्या प्राण्यांना चिकटवतात.

तरी टिंगल करणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे, कारण यात माणसांचं काही अडकलेलं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वाम्पानोआग लोकांची भाषा शंभराहून अधिक वर्षं कुणी बोलत नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी एमआयटीत केनेथ हेल यांच्यासोबत ती पुन्हा उभी केली. हाताशी 1663 सालचं बायबल होतं, जुने दस्तऐवज होते, आणि जिथे शब्दच नव्हता तिथे बहीणभाषा आणि हेच ध्वनिनियम. बेअर्ड यांची मुलगी ही भाषा बोलतच वाढली. तिच्या तोंडच्या कोणत्या शब्दाला 'मनचा' म्हणायचं, ते हात झटकणाऱ्यांनी एकदा सांगावं.