नकाशातून गाळलेली मुंबई

मुंबईच्या कोट विभागात पायी फिरून ऐतिहासिक स्थळे पाहणाऱ्यांची वर्दळ अलीकडे वाढली आहे. हातात छापील नकाशा किंवा मोबाइल फोन घ्यावा आणि वाटाड्यावाचून गेटवे ऑफ इंडियापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत दोन-तीन तासांत चालत जावे, असा हा उपक्रम आहे. १९९५ साली वारसा वास्तूंच्या जतनाची नियमावली अमलात आली. २०१८ साली येथील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि या फेरीला नवी प्रतिष्ठा लाभली. नागरिकाने आपले शहर पायी हिंडून पाहावे, यात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु हा नकाशा काय दाखवतो आणि काय गाळतो, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने केलाच पाहिजे. कारण शहर कोणी घडवले, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर तो नकाशा पाहणाऱ्याच्या गळी उतरवीत असतो. ते उत्तर असे, की शहर घडवले गव्हर्नरांनी, वास्तुशिल्पकारांनी आणि दानशूर शेठजींनी.

राजाबाई मनोऱ्याचेच उदाहरण घ्या. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, देणगी प्रेमचंद रायचंद यांची आणि नाव त्यांच्या मातोश्रींचे, एवढे प्रवाशाला कळते. पण हा पैसा आला कोठून? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड लागली आणि मुंबईच्या दलालांच्या हाती अलोट संपत्ती आली. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही बुडाले; पण मंदीचा सर्वांत मोठा भार वाहिला तो दख्खनच्या शेतकऱ्याने. तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मंदीत त्याच्या गळ्याचा फास बनले आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून दख्खनचे दंगे पेटले. मनोरा पूर्ण झाला १८७८ साली. १८७६ पासून दख्खनला पोळून काढणारा भीषण दुष्काळही त्याच साली सरत होता. मनोऱ्याच्या माहितीत या शेतकऱ्याला एक ओळही मिळत नाही.

त्याला लागूनच उच्च न्यायालयाची इमारत आहे. तिच्या गॉथिक कमानींचे वर्णन करताना माहितीपत्रके थकत नाहीत. याच इमारतीत २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. तिच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि या घटनेची नोंद दूर युरोपात लेनिननेही घेतली. हिंदी कामगारवर्गाचा हा पहिला मोठा राजकीय संप. टिळकांच्या उद्गारांची शिला न्यायालयात आहे; पण ज्यांनी पगार बुडवून आणि रक्त सांडून त्या उद्गारांना साथ दिली, त्यांची खूण या वाटेवर कोठे आहे?

पुढे फ्लोरा फाउंटन येते. १८६४ सालच्या या कारंज्यावरील रोमन देवतेची कथा आवर्जून सांगितली जाते. शेजारी हुतात्मा स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्यांच्याकडे मात्र ओझरती नजर टाकून पुढे जाण्याचा प्रघात पडला आहे. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेले शंभराहून अधिक बळी, यांतून १ मे १९६० चे राज्य आले. ही गोष्ट कारंज्यापेक्षा दुय्यम कशी ठरते? गेटवेचेही तसेच. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या आगमनाची ही कमान १९२४ साली पुरी झाली, हे सारे सांगतात. पण समोरच्या बंदरात फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड पुकारले. त्यांच्या पाठिंब्यासाठी २२ फेब्रुवारीला कामगार हरताळ करून रस्त्यावर उतरले आणि त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात मेली, हे सांगायला कोणी थांबत नाही.

फेरी संपते ती रेल्वे स्थानकापाशी. घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती उभी आहे. पण ज्या श्रमांनी ही प्रगती घडवली, त्या श्रमांचा मुलूख येथून उत्तरेला सुरू होतो आणि नकाशा नेमका येथेच थांबतो. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतर ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सारा टापू रत्नागिरी-साताऱ्याहून पोट भरायला आलेल्या माणसांनी भरून गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली येथेच कामगारांना एकत्र आणले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर अनेक वर्षे राहिले. ज्याला १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीखाली चिरडण्यात आले, तो बाबू गेनूही गिरणी कामगारच होता.

या टापूला वारसा म्हणून जपण्याऐवजी त्याची जमीन विकली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि देशोधडीला लागले. त्यानंतर १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी देण्याचे सूत्र आले. २००१ साली दुरुस्ती झाली आणि हे सूत्र केवळ रिकाम्या जमिनीपुरते उरले. सुमारे ६०० एकरांतून सार्वजनिक वाट्याला येणारा हिस्सा त्यामुळे पार आक्रसला. २००५ साली उच्च न्यायालयाने या व्यवहाराला रोखले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने गिरणीमालकांचा मार्ग मोकळा केला. कोटात एखाद्या खिडकीची चौकट बदलायची तर समितीची परवानगी लागते. परळला अख्खी वस्ती उठली, तेव्हा वारसा कोणालाच आठवला नाही. जुनी वास्तू जपण्याचा नियम जेथे जमिनीच्या भावाला बाध आणत नाही तेथेच तो कडक असतो, हे यामागचे अर्थशास्त्र आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की समाजवाद्यांना सुंदर इमारतींचे वावडे आहे. हे साफ खोटे आहे. त्या इमारती पाथरवटांच्या, गवंड्यांच्या आणि कलाविद्यार्थ्यांच्या हातांनी घडल्या आहेत. त्या जपल्याच पाहिजेत. फक्त त्यांच्या कर्त्यांची यादी पुरी केली पाहिजे. दुसरा आक्षेप आपल्याच गोटातला आहे. हजारो गिरणी कामगार आणि त्यांचे वारस घरांच्या प्रतीक्षेत असताना या स्मृतींचे काय घेऊन बसायचे, असे काही कार्यकर्ते विचारतात. पण हक्क स्मृतीवरच उभा असतो. येथे कामगार होता हेच पुसले गेले, तर येथे त्याला घर द्या या मागणीला उद्या कोण दाद देणार? वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या जागी आज मनोरे चढत आहेत. रहिवाशांना मोठे घर मिळणे हा त्यांचा हक्कच आहे. परंतु चाळ गेली म्हणून चाळीचा इतिहासही ढिगाऱ्यात जावा, हे कोणत्याही करारात लिहिलेले नाही.

तेव्हा नुसती तक्रार पुरेशी नाही. पक्षाच्या मुंबईतील शाखांनी कामगार संघटनांना बरोबर घेऊन श्रमिकांच्या मुंबईचा नकाशा मराठी, हिंदी आणि उर्दूत छापावा. त्यात कोटातील ही स्थळे त्यांच्या पुऱ्या हकिगतीसह असावीत. ज्या ऑगस्ट क्रांती मैदानावर १९४२ साली युसुफ मेहरअलींनी सुचवलेली 'छोडो भारत' ही घोषणा देशाची झाली, ते मैदान असावे आणि त्यापुढे लालबाग-परळची वाट असावी. वृद्ध कामगारांच्या आठवणी ते हयात आहेत तोवर टिपून घ्याव्यात. महापालिकेकडे प्रत्येक जुन्या गिरणीच्या आणि चाळीच्या जागी नामफलकाची मागणी करावी आणि ती मान्य होईपर्यंत दर १ मे रोजी कार्यकर्त्यांनी या वाटेने पायी जावे. या कामाला मोठा निधी लागत नाही. वस्तीत जाऊन विचारपूस करण्याची तयारी लागते, आणि ती आपल्या कार्यकर्त्यांपाशी आहे.