किती तपासलं, तेही सांगा

गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासलेल्या माणसाला ठाऊक असतं की गुण मुलाच्या उत्तरावर अवलंबून असतात, तसेच आपण किती बारकाईने तपासलं यावरही.

१९६० साली अमेरिकेत रेन्सेलर संस्थेतल्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम यंत्राकडूनच तपासून घेण्याबद्दल लिहिलं. आजही मुख्य रीत तीच: ठरावीक आकडे द्यायचे आणि उत्तर जुळतं का पाहायचं. 'सर्वांत मोठी संख्या शोधा' हा प्रोग्रॅम घ्या. मुलाने तुलना शून्यापासून सुरू केली, तर धन संख्यांवर तो बरोबर चालतो. सगळ्या ऋण संख्या दिल्या की उत्तर शून्य! ही चाचणी नसेल तर पैकीच्या पैकी गुण.

जठराच्या कर्करोगातही असंच घडतं. रोग किती खोल गेला आणि किती लसिका ग्रंथींत पोचला, यावर टप्पा ठरतो. ग्रंथींचे गट असे: एक-दोन, तीन ते सहा, सात किंवा अधिक. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या निदान १६ ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. पाचच तपासल्या तर सात सापडणार कुठून? रोग आहे त्याहून सौम्य वाटतो, आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात.

मुलाची चूक पुढच्या वर्गात तरी पकडता येते. इथे जिवाशी गाठ आहे. रिपोर्टात '२/१८' असं दिसलं, तर नातेवाइकांनी फक्त दोनाकडे पाहू नये. खालचा आकडाही डॉक्टरांना जरूर विचारावा.